माझा थेंब तरंगला

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जमिनीला टेकवायची होती, पण बाकीची आज कामावर नाहीत. का, ते पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? शेजारणीशी बोलणं सुरू झालं, की अजून भिंतीलाच ऐकवतेस? माझी तब्येत वेगळी विचारू नकोस, हे सगळं रडगाणं तिचंच आहे.

सध्या मी ग्रिल-गेट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. (त्याआधी बोटींना रंग देत होतो, त्याआधी तंबू ठोकत होतो. तंबूवाल्याचं एक बोकड होतं, ते दोर खायचं. त्याची गोष्ट भारी आहे, पण राहू दे.) इथले मालक म्हणजे मिस्त्री. मी गुडघे पोटाशी घेऊन त्यांच्या दारात बसलो होतो, तेव्हा त्यांनी "काम येतं का रे?" एवढंच विचारलं, हातात कानस दिली आणि झोपायला माळा दिला. काम येत नाही हे त्यांना संध्याकाळपर्यंत कळलंच, पण कानस काही परत मागितली नाही. आणि नेमका ह्याच माणसाला मूतखडा झालाय, चांगला लिंबाएवढा! डॉक्टर म्हणाले, अंगातलंच कॅल्शियम साचून होतो. सुखाने हाडांत राहायचं सोडून ते भलतीकडे जाऊन बसलं. (घर सोडून भटकणाऱ्यांचं असंच होतं, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणून घेतो.)

खडा काढायचा तर रक्त तयार हवं, आणि मिस्त्रींचा गट असा दुर्मिळ की रक्तपेढीत शिल्लकच नाही. आम्ही सगळ्यांनी बोटं टोचून घेतली. जुळला तो माझा! आत्या, माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय, असं जन्मात पहिल्यांदा झालं. भोंग्याने (हा आमचा वेल्डर, कुजबुजला तरी गल्ली ऐकते) मला चक्क खांद्यावर घेतलं. छाती पुढे काढून रक्तपेढीत गेलो. तिथल्या बाईंनी बोटाचा थेंब काढून मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. रक्तात लोह पुरेसं असेल तर थेंब बुडतो.

माझा तरंगला.

मी ज्यात हात घातला ते बुडालं. रंगकाम बुडालं, तंबू बुडाला, बोकडाने तर मलाच बुडवलं. आयुष्यात एकदा मनापासून बुडायचं होतं, तर वर येऊन बसलो! भोंगा कुजबुजला, "लेका, दिवसभर लोखंड घासतोस, नाकातोंडात जातं तुझ्या, आणि आत लोखंड नाही?" सगळी रक्तपेढी वळून बघायला लागली. बाई समजुतीने म्हणाल्या, माणसाच्या अंगात सगळं मिळून मोठ्या खिळ्याएवढंच लोखंड असतं, तुमच्यात तेवढंही नाही. (म्हणजे मी फार तर टाचणी.) थोडं तांबं, थोडं जस्त, काडेपेटीला लागतो तो फॉस्फरस, असंही बरंच काय काय असतं म्हणे. मिठाचा साठा तेवढा माझ्यात भरपूर असावा, कारण बाहेर पायरीवर बसलो तर तो डोळ्यांतून वाहायलाच लागला.

बाई म्हणाल्या होत्या, गोळ्या घ्या, भाज्या लोखंडी कढईत शिजवा, दोनेक महिन्यांनी या. दोन महिने! मिस्त्रींना दोन घटका निघत नव्हत्या. मी म्हटलं, वर्कशॉपमध्ये लोखंडाला काय तोटा? चांगले चकचकीत बोल्ट निवडले (गंजलेले कसे प्यायचे?), लिंबू पिळून उकळले, मुरू दिले आणि पेलाभर पाणी डोळे मिटून प्यालो. पुढचं लिहीत नाही, तू जेवत असशील. दवाखान्यात खाट मिळाली ती नेमकी मिस्त्रींच्या शेजारची. पोट धरून पडलेला तो माणूस ऐकून उठून बसला. "अरे गाढवा, चकचकीत बोल्ट म्हणजे जस्ताचा मुलामा! गंज चढू नये म्हणून देतात तो." मग म्हणाले, "जाऊ दे. आता तुला पावसात ठेवला तरी चालेल." हसता हसताच कळ आली आणि चादर मुठीत धरून ते भिंतीकडे वळले. तेव्हापासून मी त्यांच्या पाठीकडे बघतोय. खड्याने वाट अडवलीय, फार थांबलो तर मूत्रपिंडच जाईल, असं डॉक्टर म्हणतात.

ज्याने मला ठेवून घेतलं त्याला देण्यासारखी माझ्याकडे एकच चीज होती, आत्या, तीही पातळ निघाली.

म्हणून एकच मागणं. आपली ती लोखंडी कढई पाठवून दे. तीच, जिच्यात भाजी काळी पडते म्हणून मी ताटावरून उठायचो. तू ओरडायचीस, "काळं खाशील तर लाल राहशील!" मला वाटायचं, हिला कढई घासायचा कंटाळा.

तुझा, होता त्याहून हलका झालेला,
भाचा

ता. क. कढई पाठवू नकोस. ती येणार कधी, मी भाज्या खाणार कधी आणि माझ्यात खिळाभर लोखंड साठणार कधी? मिस्त्रींकडे तेवढा वेळ नाही.

आणखी एक ता. क. लहानपणी मी छपरावरून पडलो तेव्हा तू मला बाटलीभर रक्त दिलं होतंस. (दर भांडणात ऐकवतेस, त्यामुळे विसरायची सोय नाही.) म्हणजे आपला गट एकच, आणि मिस्त्रींचाही तोच. तू त्यांना ओळखत नाहीस, तुझे गुडघे दुखतात, माझ्यावर राग आहे, सगळं कबूल. पण येशील का? तुझा थेंब दगडासारखा तळ गाठेल, असं मी बाईंना सांगून बसलोय.

शेवटचं. येताना कढई घेऊनच ये. भाजी कितीही काळी पडू दे, ताटावरून उठणार नाही. (तसंही अजून उठवत नाहीये.)