पाणी कोणी काढलं?

३ मार्च १९८६

मिळालं! काम मलाच मिळालं! डॉ. निगमांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या टेंपररी पोरीचं! वर संस्थेची जीपसुद्धा. यंत्राच्या खोलीतला धनंजय म्हणतो, फुशारू नकोस, मार्च संपायच्या आत डिझेलचं बजेट संपवायचं असतं, म्हणून जीप. म्हणो बापडा. जळतोय.

काम असं. लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे एक गाव, शेजारी रंगाचा कारखाना. गावातल्या हातपंपाला खराब पाणी येतं अशी तक्रार. नळ आणायचा तर सव्वादोन लाख लागतात. सरकारी खातं म्हणतं, घाण कारखान्याची, पैसे त्यांनी भरावे. कारखाना म्हणतो, आम्ही टॅक्स भरतो, पाणी देणं सरकारचं काम. दोन वर्षं फाइल इकडून तिकडे! आता दोघांनी ठरवलंय — पाणी खरंच खराब आहे का, ते आमच्या संस्थेनं सांगायचं. म्हणजे मी सांगायचं! कु. विनीता मेश्राम, एम. एस्सी.!

आईनं शेवयांची खीर केली. बाबांनी रेल्वेच्या ऑफिसातली हेडक्लार्की घरीही चालवली. रिपोर्टवर सही कोणाची, म्हणाले. माझी, म्हटलं. मग सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणाले आणि दुसरी वाटी खीर मागितली.

५ मार्च

साडी की सलवार-कमीज? साडी. मोठी दिसते मी साडीत. जीप सात वाजता!

६ मार्च

काय दिवस होता!

जीप गावात शिरली तर पोरं मागे धावतायत. मला तर हात हलवावासा वाटला — आवरलं. प्रधानजींच्या (म्हणजे आपल्याकडचे सरपंच) दारात, कडुनिंबाखाली खाट, खाटेवर नवी कोरी चादर. गूळ आला. पाणी आलं — घासून लखलखीत केलेल्या लोट्यात. तो लोटा प्रधानीणबाईंनी माझ्या हातात दिला. सरळ हातात!

इथं आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. महाराष्ट्राबाहेर राहण्याचा हा एक फायदा. कळलं असतं तर? जाऊ दे. बाबांच्या गावात लहानपणी त्यांना वरून पाणी ओतायचे, ओंजळीत. अर्धं कोपरावरून खाली जायचं. मला हातात लोटा मिळाला. तहान नव्हती तरी दोनदा प्याले. इतकं गोड पाणी मी लखनौत कुठेच प्यायलेले नाही.

मी बाटल्या घेऊन उठणार, तर प्रधानजींची मुलगी मधुमती (माझ्याच वयाची, हसरी) म्हणाली, आप धूप में कहाँ जाएँगी, मैं भर लाती हूँ. आठही बाटल्या उचलून गेलीसुद्धा! मी खाटेवर बसून राहिले. काय करू, उठवेच ना. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी नवी चादर अंथरली होती.

७ मार्च

घरी सगळं साग्रसंगीत सांगितलं. आईनं लोट्याची गोष्ट तीनदा ऐकली. बाबांनी ऐकून एवढंच विचारलं — "पाणी कोणी काढलं?"

मला हसूच आलं. म्हटलं बाबा, १९८६ आहे! कोणी पाणी काढलं, कोणी शिवलं, हे सगळं तुमच्या गावात राहिलं! त्यांनी पेपर उघडला. जरा वाईट वाटलं. पण खरंच, ती भीती त्यांच्यातून जातच नाही.

१८ मार्च

स्वच्छ!!! आठच्या आठ बाटल्या!

धनंजयनं यंत्र दोनदा लावून बघितलं. म्हणाला, हे आपल्या लॅबच्या नळापेक्षा चांगलं आहे, कारखान्याशेजारी असं पाणी कसं? म्हटलं, जमिनीच्या पोटातलं तुला काय कळतंय. तो म्हणाला, पुन्हा आणूया. म्हटलं, जीप? डिझेल संपलं! तो माझ्याकडे बघून हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

२६ मार्च

सही केली. निळ्या शाईनं. मार्च संपायच्या आत रिपोर्ट गेला! डॉ. निगम म्हणाले, शाबाश.

५ एप्रिल

जिंकले!

संस्थेच्या वार्षिक समारंभात वादविवाद. विषय — घाणीचा खर्च कोणी करावा, सरकारनं की उद्योगानं? सगळे दीड वर्षापूर्वीच्या त्या मोठ्या गॅस दुर्घटनेवर बोलले, आवाज चढवून. धनंजयसुद्धा. उद्योगाला मोकळं सोडलं की माणसं मरतात, म्हणाला. मग मी उठले. म्हटलं, आधी मोजा, मग खर्च करा. मोजलं नसतं तर सव्वादोन लाख मातीत गेले असते. तो पैसा जनतेचा आहे! काय टाळ्या पडल्या! पहिलं बक्षीस स्टीलचा थर्मास. धनंजय दुसरा आला, त्याला कंगव्याचा सेट!! त्याला तर केसही फारसे नाहीत. हसून हसून पोट दुखलं.

११ एप्रिल

पत्र आलं. नळयोजना रद्द. "संस्थेच्या अहवालास अनुसरून." माझा अहवाल! कारखान्यानं पाच किलो मिठाई पाठवली. धनंजयनं घेतली नाही. त्याच्या वाटची बर्फी मीच खाल्ली.

१४ एप्रिल

आलमबागच्या क्वार्टरांत जयंती. निळे झेंडे, लाउडस्पीकर, पांढरी साडी. अध्यक्षांनी मला मंचावर बोलावलं — आपल्या एका मुलीनं सरकारचे सव्वादोन लाख वाचवले! आई रडली. मी हवेत होते. खाली बाबा मागच्या रांगेत उभे, पांढऱ्या शर्टात. टाळ्या वाजवत होते, पण सावकाश.

घरी आल्यावर थर्मास पुसता पुसता म्हणाले, "बक्षीस छान आहे. पण पाणी कोणी काढलं, ते तू मला अजून सांगितलं नाहीस."

मी भडकले. म्हटलं, प्रधानांच्या मुलीनं काढलं, झालं? कुठून, म्हणाले. पंपावरून, आणखी कुठून! तू पाहिलंस, म्हणाले. मी ताट सरकवून उठले. सणासुदीचं हे काय! आता जातेच बसनं. गावात पेढे वाटते, मधुमतीला विचारते, आणि परत येऊन सांगते. मग बघू काय बोलतात ते.

१६ एप्रिल

उद्या सुट्टी टाकली. पेढे आणले. थर्मासमध्ये चहा नेणार — बक्षिसाचं उद्घाटन! धनंजयला येतोस का विचारणार होते. जीभच वळली नाही. पुढच्या वेळी.

१७ एप्रिल

मधुमतीनं पेढा घेतला. विचारलं तर सहज म्हणाली, "हाँ दीदी, मैंने ही भरा था। अपने बाग वाले कुएँ से। मेहमान को पंप का पानी थोड़े ही देते हैं।"

मग पंपाचं कोण पितं?

"वो तो दक्खिन टोले वालों का है। उन्हें हमारे कुएँ पर कौन चढ़ने देगा।"

दक्खिन टोल्यात, गावाच्या दक्षिण टोकाच्या वस्तीत, कोण राहतं, हे मला विचारावं लागलं नाही. बाबांचं घरही गावाच्या टोकालाच होतं.

चालत गेले. पंपाशी एक आजी घागर भरत होत्या. पाणी पिवळं, वास लांबूनच येणारा. थर्मासमधला चहा ओतून टाकला, पंप मारला, तो भरून घेतला. नमुना म्हणून हे चालणार नाही, ठाऊक आहे. उद्या डॉ. निगमांच्या टेबलावर ठेवायला चालेल. खाली पत्र — माझा रिपोर्ट चुकीचा आहे, मी तो मागे घेते. नोकरी राहील की नाही, माहीत नाही.

घरी आले तर बाबा दारातच उभे होते. थर्मास त्यांच्या हातात दिला. म्हटलं, हे मी काढलं.