वहीत न लिहिलेला तुमचा नकार

बाबा, आज कंपनीची सभा झाली. म्हणजे झाली असं वहीत लिहिलं. प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतातच, म्हणून तुमच्यानंतर तुमच्या जावयांचं नाव घातलं. ते पुण्यात नोकरीला. फोनवर म्हणाले, "तुला पटेल ते कर," अन् ठेवला. झाली सभा! अकोल्यात आपला भाज्या वाळवून भुकटी करायचा कारखाना, वीस बाया कामाला, अन् मला "नाही" म्हणणारं एक माणूस नाही. चौदा वर्षं झाली, मीच विचारते अन् मीच हो म्हणते. फार एकटं वाटतं, बाबा.

तुमचं तसं नव्हतं. दर तीन महिन्यांनी पातूरहून एसटीनं यायचात, धुतलेली टोपी घालून. सीएच्या ऑफिसातला कारकून एकदा म्हणाला, "काका, आम्ही लिहून टाकतो ना कागदावर, कशाला त्रास घेता?" तुम्ही असे उखडलात त्याच्यावर! "न बसता बसलो काहून लिवाचं? खोटं बोलाले कंपनी काढली का आमी?" मग आपण दोघं समोरासमोर, मधे चहा, खरोखरची सभा. मी विषय वाचायचे, तुम्ही ग्रामसभेत बसल्यासारखा हात वर करायचात. मला हसू यायचं, अन् कधी कधी भारी रागही. सातवी शिकलेला माणूस माझ्या प्रत्येक यंत्रात खोट काढतो म्हणजे काय!

मग मेथीचा विषय निघाला. आपलं पाकीट पातूरची मेथी म्हणून खपायचं. पेरणीआधी गावातल्या भाजी पिकवणाऱ्यांना तुम्ही शब्द दिला होता, की पिकेल तेवढी कंपनी उचलेल. मी म्हटलं, बाहेरची तयार भुकटी स्वस्त पडते, पाकीट तेच राहू देऊ. तुम्ही कप खाली ठेवलात. "नाव आपल्या गावचं अन् माल भलतीकडचा? मले नाई पटत." दोघांत एक हो अन् एक नाही झालं, की अध्यक्षाचं मत दोनदा धरतात. अध्यक्ष मी. धरलं दोनदा. तुम्ही आदळआपट केली नाही. "कायदा हाय तर हाय. पण माह्यं नाही लिवून ठेव, पोरी," एवढं बोलून एसटी गाठायला निघालात.

मी लिहिलं नाही. कारकुनाला सांगितलं, दोघांची संमती म्हणून टाक. बँकेला बरं दिसतं, असं मनाला समजावलं. वही इंग्रजीत, सही माझी एकटीची. तुम्हाला कळणार तरी कसं?

महिनाभरात गावचे पाच-सहा शेतकरी कारखान्यावर आले. मेथी वावरात उभी होती. एक म्हातारा म्हणाला, "तुया बापानं शब्द देल्ला व्हता." मी घाबरले, बाबा. वही काढली, ओळीवर बोट ठेवलं अन् मराठीत वाचून दाखवलं, "हे पाहा, बाबांचाही होकार आहे." मी पुढं केलेलं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.

पुढच्या सभेला तुम्ही हात वर करत नव्हता. मधेच म्हणालात, "गावात लोक बोलून नाई राहिले माह्याशी. टपरीवर जाऊन बसलो का उठून जातात. काहून, काय मालूम." मला मालूम होतं. मी पुढचा विषय वाचला. तुम्ही गेलात तेव्हा खांद्याला माणसं जमवावी लागली. आई विचारत राहिली, असं कसं झालं गावाला? मी तिच्या शेजारीच बसले होते.

हे लिहिलेलं तुम्हाला पाठवून काय उपयोग? तुमचा नकार तुम्हाला माहीतच होता; माहीत नाही तो गावाला. जायला हवं त्या म्हाताऱ्याच्या दारी. तो अजून आहे म्हणतात, ऐकू कमी येतं. परवा पातूरच्या गाडीत बसलेही होते. कंडक्टर तिकिटाला आला तशी उतरले.