परत आणलेली मरळ

मंगळवार, दिवेलागण

आज शीतलच्या घरी मीच दिलेली मरळ उचलून परत आणली. तीही थेट चुलीजवळून!

आमच्या वस्तीत ज्या घराचा मान ठेवायचा, तिथे जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा जातो. शीतलची वहिनी पोटुशी, म्हणून महिनाभर मी धरणातली सगळ्यात मोठी मरळ तिथेच देत होतो. आज शीतल धुळ्याच्या होस्टेलवरून आली आणि फाटकातच भडकली.

"कॉलेज सोडलंस, डोकंही तिथेच ठेवलंस का? मागच्या खेपेला नेलेला तुझ्या मरळीचा तुकडा आमच्या लॅबमध्ये तपासला. पारा निघाला. लहान माशांमधला पारा मोठ्यात साठतो. बाळाला बाधतो तो!"

डोकं फिरलं. पण सरळ आत गेलो आणि तिच्या वडिलांना सांगितलं, "नाना, शिजवू नका. माझं चुकलं."

"देयेल वस्तू कोनी परत लई जास का रे?"

"दिलेली असली तरी मी परत नेतो, नाना."

वहिनीनं हळूच विचारलं, "आणि याआधी खाल्लेल्यांचं काय?"

एवढ्या मोठ्या मरळी, आणि मी मिरवत होतो! उद्या सकाळी वहिनीला जळगावला डॉक्टरांकडे नेणार, नाना काहीही म्हणोत. शीतलही सोबत येतेय. पण उद्या तिच्याकडे बघत बसायचं नाही. डॉक्टर काय सांगतात, ते नीट ऐकायचं.