पांढऱ्या दोऱ्यावरची गाठ

लेकीला अकरा मेल गेले आणि एकाचंही उत्तर नाही. पाऊस कसा झाला ते कळवलं, कांदा सडला ते कळवलं, नकुशीच्या मुलीचं जमलं ते कळवलं. शेवटी माझ्या पोटाचं ऑपरेशन ठरलं तेही कळवलं. भिंतीशी बोलले असते तर भिंतीनं निदान पोपडा तरी टाकला असता.

शिरूरच्या वकिलानं मृत्युपत्र टाइप करून दिलं होतं. त्यात या अकरा मेलांबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नसतात." मग कशात लिहितात? त्याचा कागद सहीविना चुलीत घातला. वरचा मजकूर तेवढा बघून ठेवलाय, बाकीचं माझं मी लिहिते. चौथी शिकलेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचावं.

तर मी, भामाबाई खंडू टेंगले, वय वर्षं बावन्न, धंदा खानावळ, राहणार शिक्रापूर, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, मूळ गाव कासुर्डी, तालुका दौंड, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी दम दिलेला नाही आणि कुणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. माझ्याशी गोड बोलतं कोण? गुरुवारी पंचवीस तारखेला पुण्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही, पण 'जबाबदारी माझी' या कागदावर सही त्यांनी आधी घेतली. म्हणून मीही आधीच लिहून ठेवते.

कलम १. शिक्रापुरातली जागा. खाली खानावळ आणि एक गाळा, वर तीन खोल्या. ही कुणाच्या वाडवडिलांची नाही. मालकांनी मेंढरं विकली आणि कंपनीत वॉचमन लागले, मी कामगारांचे डबे करायला लागले, त्या डब्यांतून ही उभी राहिली. नोंद माझ्या नावावर आहे. ही सगळी जागा माझी एकुलती एक मुलगी सुषमा हिला, जी सिंगापूरला असते. पण त्याला एक अट आहे. ती कलम ६ मध्ये आहे. मधलं सोडून तिकडं उडी मारू नये.

कलम २. कासुर्डीची वीस गुंठे जमीन, मालकांच्या माघारी माझ्या नावावर आलेली. तीही सुषमालाच. तिला अट नाही, ती तिच्या बापाची आहे. माझे दीर मारुतराव गावात सांगत फिरतात की वहिनीनं मला शब्द दिलाय. दिलेला नाही. तेराव्याच्या पंगतीत पहिल्या घासाला त्यांनी डोळे पुसले आणि दुसऱ्या घासाला बांध कुठवर आहे ते विचारलं. सुषमानं जमीन ठेवावी, विकावी, पडीक टाकावी. मारुतरावांना देऊ नये. मारुतरावांना मालकांची काठी द्यावी. ती त्यांनी तेव्हाच मागितली होती, मी दिली नव्हती. आता टेकायला उपयोगी पडेल.

कलम ३. खानावळीची पातेली, पराती, दोन्ही शेगड्या, ज्वारीची कणगी आणि गिऱ्हाईक, सगळं नकुशीला. ती चौदा वर्षं माझ्याबरोबर भाकरी थापते. तिला सांगितलं तर म्हणाली, "अक्का, तुमच्या मागारी आमटी बिघडली तर लोकं काय म्हणतील?" मी म्हणाले, "सांग, करणारी मेली." त्यावर रडायला लागली. हसायचं तिथं रडते, हा तिचा जुना दोष आहे.

कलम ४. गाळ्यात हौशीरामचं सायबर आहे. कंपनीतल्या प्रेसमध्ये त्याची दोन बोटं गेली, राहिलेल्या आठांनी तो टाइप करतो, आणि दहावाल्यांपेक्षा बरं करतो. जागा कुणाकडेही जावो, त्याला तिथून उठवू नये. वेगळं काही त्याला देत नाही, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला देऊ नये असं वकिलानं सांगितलं. वकिलाची तेवढी एक गोष्ट ऐकली.

सुषमा सिंगापूरला गेली तेव्हा, दोन हजार दोन साली, तिनंच याच गाळ्यात बसून माझा मेल उघडून दिला. म्हणाली, "आई, फोनवर तू नुसती भांडतेस. मेलात निदान शेवटपर्यंत तरी ऐकून घेशील." मी सांगायचं, हौशीरामनं टाइप करायचं. तिचा आला की त्यानं वाचून दाखवायचा. वर्षभर बरं चाललं. पुढं तिनं तिकडंच परजातीतल्या मुलाशी लग्न केलं, तेही मला मेलातच कळलं. आता तिचा फोन नंबर बदललाय, नवा दिलेला नाही. मेल तेवढा पोचतो. हौशीराम म्हणतो, "मावशी, परत आला न्हाई म्हंजी पोचला."

कलम ५. माझ्या ट्रंकेत लोकरीचे दोन दोरे आहेत, एक काळा, एक पांढरा. ते कचरा समजून टाकू नयेत.

माझा बाप ज्योतिबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. ज्यांना चालवत नाही अशी कोकरं वाटेतल्या घरी ठेवायचा आणि दर कोकराला दोऱ्यावर एक गाठ मारायचा. परत येताना कोकरू हातात आलं की गाठ सोडायची. मेलं असेल तर घरवाल्यानं त्याचा वाळलेला कान दाखवायचा, मग गाठ सोडायची. एकदा एका घरानं दुसरंच कोकरू पुढं केलं, चांगलं गुबगुबीत. बाप म्हणाला, "हे झ्याक हाय, पण माझं न्हवं. माझं दाखवा, न्हाई तर कान दाखवा." आणि गाठ तशीच ठेवून पुढं निघाला.

मला मेलांचा हिशोब ठेवायला दुसरं काय येतं? मी पाठवला की काळ्यावर गाठ, तिचं उत्तर आलं की सोडायची. तिचा आला की पांढऱ्यावर गाठ, मी उत्तर दिलं की सोडायची. आज काळ्यावर अकरा गाठी आहेत. पांढरा कोरा होता. मला वाटायचं, माझ्याकडून काही राहिलेलं नाही, जे राहिलंय ते तिच्याकडून.

मागच्या मंगळवारी मी हौशीरामच्या टेबलावर दोन्ही दोरे आपटले. म्हटलं, "बघ, न्याय बघ." त्यानं कॉम्प्युटरवर जुने मेल वर-खाली केले आणि म्हणाला, "मावशी, रागावू नगा. पोरीनं शेवटच्या मेलात एक इचारलं व्हतं. तुमी तिला कांद्याचं सांगितलं."

"मग ते उत्तर नव्हे?"

"तिनं कांदा इचारलाच न्हवता."

मी त्याला चांगल्या शिव्या दिल्या. खानावळीत जाऊन दोन पातेली घासली, घासलेलीच होती. मग परत येऊन पांढऱ्यावर गाठ मारली. साडेतीन वर्षं मी तिच्यापुढं दुसरंच कोकरू करत होते. बापानं ते एका नजरेत ओळखलं असतं.

कलम ६. सुषमा, हे तुला. तुझा तो मेल चोवीस फेब्रुवारी दोन हजार चारचा आहे. हौशीरामकडून परत वाचून घेतला. तू लिहिलंयस, "आई, आप्पा दोन दिवस दवाखान्यात होते. मी एका दिवसात आले असते. मला तेरावं झाल्यावर कळवलंस. का? बाकी काही लिहू नकोस, एवढंच सांग."

सांगते. आप्पांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी मी हौशीरामकडे गेले होते. त्यानं मेल उघडला, तुझा पत्ता टाकला. मागून मारुतराव आले. म्हणाले, "वहिनी, ती पोरगी नवऱ्याला घिऊन दारात उभी राहिली, तर उद्या खांदा द्यायला भावकीतलं एक माणूस येणार न्हाई. बघा, ठरवा तुमी." मी हौशीरामला म्हणाले, "राहू दे." त्यानं माझ्याकडे बघितलं. मी परत म्हणाले, "राहू दे म्हटलं ना."

आप्पांनी दोनदा विचारलं, "सुषी आली का?" मी सांगितलं, विमानात बसलीय. दुसऱ्या खेपेला ते हसले. पहाटे गेले.

सगळं मारुतरावांवर ढकलता येईल, गावात ढकलतेच मी. पण तोंड माझं होतं. भावकीची भीती वाटली, आणि तुझा रागही होता, मला न विचारता लग्न केलंस त्याचा. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. माफी या कागदात मागत नाही. ती समोर बसून मागायची असते, त्याला तू समोर लागतेस.

ही गाठ आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी सोडली आहे. घट्ट बसली होती, दात लावावा लागला. हा कागद हौशीराम आजच्या आज मशीनवर घालून तुला मेलानं पाठवणार आहे.

आता अट. माझ्या शेवटच्या मेलात मी विचारलंय की ऑपरेशनला येतेस का. त्याचं उत्तर आलं तर ती जागा तुझी, उत्तर काहीही असो. येत नाही म्हणालीस तरी तुझी. तोंड बघायचं नाही म्हणालीस तरी तुझी. काहीच आलं नाही तर जागा नकुशीची, आणि त्यावर कुणी कोर्टात जाऊ नये. ऑपरेशनमधून मी जगले तरी ही अट तशीच राहील. जगले म्हणून विसरेन असं कुणी समजू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि त्यांच्यापुढं सही केली.

ठिकाण: शिक्रापूर
तारीख: ९ ऑक्टोबर २००७, मंगळवार

सही: भामाबाई खंडू टेंगले

साक्षीदार:
१. हौशीराम बाबू गडदे, सायबरवाले, शिक्रापूर (सही)
२. पोपटराव गेनू जगताप, खानावळीला ज्वारी घालणारे, मांडवगण फराटा (सही)

ता. क. सुषमा, शनिवार, वीस तारीख, संध्याकाळी सात. हौशीराम शटर ओढतो त्याच्या आत. मी काळा दोरा घेऊन तिथंच स्टुलावर बसलेली असेन. पावसाचं लिहू नकोस, तब्येतीचं विचारू नकोस. येतेस का, एवढंच. येत असशील तर येते म्हणून सांग, नाही तर कान दाखव.