दसऱ्यानंतर म्हातारे होणारे पंप

कुरकुंभ, सप्टेंबर २००३

वरवंडच्या झेंडूचे धनी, थोरल्या भावाच्या जागी असलेले तात्याबा आप्पा यांस,

सिद्दीकचा रामराम आणि सलाम, दोन्ही. (एक तरी लागू पडेल.) तुमचा गुडघा काय म्हणतो? सिंधूवहिनींचा खोकला गेला का? इकडं रोशनबी मजेत. मी तर चार बोटं उंच झालोय, त्याचं कारण ऐका.

ज्या कंपनीचे पंप मी सर्व्हिसिंगला वर्कशॉपवर आणतो, तिथं राजनंदिनी नावाच्या नव्या इंजिनिअर मॅडम आल्यात. त्यांनी कॉम्प्युटरवर प्रत्येक पंपाचं वय काढलंय. पाटीवरचं नव्हे, खरं वय. (आपल्या काही पाहुण्यांचंही काढून घ्यावं म्हणतो.) त्यांचं म्हणणं, दुरुस्तीनंतर पंप कोरा नवाही होत नाही आणि होता तसाही राहत नाही, मधेच कुठंतरी येतो. किती मागं आला, त्यावरून करणाऱ्याचा हात कळतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बेअरिंगचं दुखणं ऐकण्यात माझी उमर गेली, पण त्याचे मार्क आजवर कुणी दिले नव्हते. उन्हाळ्यात माझ्या हाताखालून गेलेला दहा वर्षांचा पंप मॅडमच्या हिशेबानं चार वर्षांचा निघाला. घरी येऊन सांगितलं, तर रोशनबी म्हणाली, "मग एकदा सोताला बी खोलून घ्या की."

पण दर दसऱ्याला सर्व्हिसिंग केलेले पंप उलट म्हातारे निघाले. दिवाळीच्या आतच खरखरायला लागलेले. कंपनीतले मोठे साहेब म्हणाले, सर्व्हिसिंगनंच पंप बिघडत असतील तर सिद्दीकचं काम बंद करा. वर्कशॉप तर त्याच कामावर उभं. मॅडमनी मात्र शांतपणे विचारलं, "मामा, दसऱ्याला तुमच्याकडं वेगळं काय होतं?"

म्हटलं, "काय न्हाई मॅडम, खंडेनवमीची पूजा. पंप ओळीनं मांडतो, पावणे झेंडू आणत्यात, आन् हौसेनं पंपांना..." बोलता बोलता माझं मलाच उमगलं.

आप्पा, तुम्ही पंपांना आंघोळ घालता. पोळ्याचे बैल धुवावेत तसे, पाइप लावून, पाठ चोळून. (आणि मी पाहुण्यांना चहा देता देता म्हणतो, काय चकाकतायत.) ताज्या ग्रीसमध्ये पाणी शिरतं आणि आतून बेअरिंग गंजतं.

पंप धुतले जातात ते मॅडमना सांगितलं, पण धुणारा कोण, ते नाही. घरचा माणूस आहे, एवढंच म्हणालो. मॅडमनी साहेबांकडून एक दसरा मागून घेतलाय. यंदाचे पंप तरुण निघाले तर काम राहील. त्या स्वतः पूजेला येणार आहेत.

लहानांना दुआ, वहिनींना नमस्कार.

तुमचाच,
सिद्दीक

ता. क. : तुम्ही आल्याशिवाय पूजा नाही. झेंडू आणा, पुरणपोळ्या आणा, हारही तुमच्याच हातानं घाला. फक्त नळाकडं जाऊ नका.

आणखी एक : नळाला कुलूप घातलंय आणि पाइप रोशनबीच्या माहेरी, दौंडला पोचवलाय. तरी तुमचा हिरमोड नको, म्हणून त्या दिवशी माझी स्कूटर आणि पाण्याची बादली दारात ठेवतो. मनसोक्त धुवा. मॅडमनी स्कूटरचं वय काढायला घेतलं होतं, पण मधेच हात जोडले.