आज बंदूक सुस्त आहे

ती. वन्सं यांस,
सा. नमस्कार.

माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुमच्या गुडघ्याचं काय ते एका ओळीत कळवा. मागच्या पत्रात त्यानं दीड पान अडवलं, आणि शेवटी दुखायचा थांबला की नाही ते कळलंच नाही.

पत्रास कारण, माझे छर्रे खाली पडू लागले आहेत. इतकी वर्षं मधलं काळं वर्तुळ सोडलं नाही, आणि आता सगळे त्याच्याखाली, पायरीवर गप्पा मारत बसल्यासारखे. परवा क्लबचे चिटणीस (तेच, ज्यांना बंदूक कुठल्या टोकाला धरतात हे आपण दोघींनी शिकवलं) घसा खाकरत जवळ आले. म्हणाले, "मावशी, या सामन्याला तुम्ही गुण मोजायच्या टेबलावर बसता का? तिथे पंखा आहे." पंखा! मी त्यांना सुनावलं, की दोष माझा नाही, एअरगनची स्प्रिंग थकली आहे. वेग उतरला की छर्रा खाली जाणारच, शाळेतलं पोरही सांगेल. तर म्हणतात, "मग वेग मोजून आणा. कमी निघाला तर बंदूक दुरुस्त करा, संघातली जागा तुमचीच. नाही निघाला तर..." आणि पंख्याकडे बघितलं.

तेव्हा सध्या मी क्रोनोग्राफ निवडते आहे. (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र. तुम्हांला ठाऊक आहे, पण भाऊजी पत्र वाचतात म्हणून लिहिलं.) पहिला आणला तो चिटणीसांचाच, दोन छोट्या पांढऱ्या छत्र्यांचा. छत्र्यांखालून छर्रा गेला की त्याची सावली टिपतो आणि हिशेब करतो. पण त्याला उजेड लागतो तो आकाशाचा. हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली त्यानं एकाही छर्ऱ्याला ओळख दिली नाही. मी घाम पुसला तर माझ्या रुमालाचा वेग मात्र मन लावून सांगितला. मग तो अंगणात नेला आणि पहिल्याच बारात त्याच्या पोटात छर्रा मारला. यात माझ्या नेमाचा काही संबंध नाही. नेम धरायची खूण नळीच्या वर असते, छर्रा खालून निघतो, इतक्या जवळून तो खालीच लागणार. हे मी चिटणीसांना आकृती काढून समजावलं. ते यंत्राकडे बघत होते. दुसरा प्रकार नुसता शेजारी ठेवायचा. तो हात न लावता सगळं बघतो आणि आकडा सांगतो. शेजारी बसून आपल्याला मोजणारी माणसं आयुष्यात पुष्कळ झाली, आता यंत्र नको. तिसरा नळीच्या तोंडावर मुसक्यासारखा बसतो. ऊन नको, छत्री नको, चुकून गोळी घालायची सोय नाही. माझा कल त्याच्याकडे आहे.

कॉलेजात आपल्याला यातलं काही लागलं नव्हतं. प्रयोगशाळेत दोऱ्यांनी लाकडाचा ठोकळा टांगला होता, आठवतं? मी छर्रा मारायची, तुम्ही गुडघ्यांवर (तेव्हा ते बिनतक्रार वाकत) बसून ठोकळा किती झुलला ते पट्टीवर वाचून छर्ऱ्याचा वेग काढायचात, आणि सर दाराशी कानांत बोटं घालून उभे. मुलींना बंदूक दिली म्हणून प्राचार्यांकडे तक्रार गेली, तर सरांनी आपली उत्तरंच नेऊन दाखवली. काय थाट होता आपला! तेव्हा आपण एकमेकींना अगं-तुगं करत होतो. मग मी तुमच्या भावाशी लग्न केलं, आणि माझी मैत्रीण एका सकाळीत वन्सं झाली. तो तोटा कुठल्याच यंत्रानं मोजला नाही.

तुमच्या भावाला यंत्र लागतच नव्हतं. मी चुकायला लागले की हे मागे येऊन उभे राहायचे, एक बार कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "आज बंदूक सुस्त आहे. दे इकडे, स्प्रिंग बघतो." की गेले क्लबच्या मागच्या खोलीत. मी बाहेर बाकावर चडफडत बसायची. बाहेर येईपर्यंत माझा राग निवलेला आणि बंदूक ताजीतवानी. लगेच मधलं वर्तुळ! असा कान असलेला माणूस आता कुठून आणायचा? म्हणून हे यंत्र.

तरी तिसरा प्रकार घ्यावा का, याबद्दल तुमचं मत कळवावं. भाऊजींचं नको. इकडचा लोभ आहे तसाच आहे. तुमचा किती उरला ते उत्तरावरून समजेल.

तुमची भावजय

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं आणि मधल्या काळात यंत्र आणलं, तेव्हा मत कळवू नये. सगळे छर्रे एकसारख्या वेगानं गेले, आणि वेग या बंदुकीला हवा तेवढाच आहे. चिटणीसांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते बिचारे माझ्याहून जास्त ओशाळले. रविवारी सर्वांदेखत एक चाचणी घेऊ म्हणाले, मग ठरवू.

ता. क. दुसरा. यंत्रावर विश्वास बसेना म्हणून बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं उलटीसुलटी केली आणि परत दिली. "बाई, ही कधी उघडलेलीच नाही." मी म्हटलं, माझे यजमान नेहमी उघडत असत. त्यानं नुसतं बोट ठेवलं. प्रत्येक स्क्रूवर कारखान्यातला लाल रंगाचा ठिपका जसाच्या तसा आहे. स्क्रू फिरला असता तर तो तडकला असता. मग हे आत इतका वेळ काय करत होते? घरी येईपर्यंत मला दुसरी गोष्ट आठवली: दर वेळी दोन कप चहा घेऊन तुम्ही आत जायचात आणि पायानं दार लोटायचात. मला चहा कधी कुणी विचारला नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुला सगळं ठाऊक होतं: बंदूक नाही, मी निवेपर्यंत तुम्ही दोघं आत चहा पीत बसायचात. लबाड कुठली! रविवारी ये. गुडघ्यासाठी खुर्ची मी ठेवते, उशीसकट. माझ्या मागे बस, आणि पहिला छर्रा खाली गेला की चिटणीसांना ऐकू जाईल असं म्हण, "आज बंदूक सुस्त आहे, दे इकडे." मी मुकाट्यानं देईन. मागच्या खोलीत स्टोव्ह अजून आहे. चहा दोनच कप कर. दुसरा माझा.