मंजुश्रीच्या वाट्याचे सोमवार

नांदेड, ९ जानेवारी २०२५

चि. सौ. नीलास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि माझ्या भावासकट सगळं आडत दुकान ऐकतं. सुनेच्या तब्येतीबद्दल मला हमालांसमोर बोलायचं नाही, म्हणून पत्र लिहावं लागलं.

मंजुश्री रक्त तपासायला सोमवारी माझ्याकडे आली. डॉक्टर हैराण आहेत. रक्त पातळ करायची गोळी तीच, मात्रा तीच, आणि तपासणीचा आकडा कधी खाली, कधी वर. त्यांनी पालेभाज्या विचारल्या, दुखण्याच्या गोळ्या विचारल्या, काढे विचारले. पोरगी सगळ्याला नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. घरी येऊन मी चहा दिला, तो नको. पाणी दिलं, तेही नको. मग सगळं बाहेर आलं. तिच्या पायातली गाठ विरावी म्हणून तू नवस बोललीस की, श्रावणापासून श्रावणापर्यंत दोघींनी सोमवार, प्रदोष आणि महिन्याची शिवरात्र निर्जळी करायची. पाण्याशिवाय गोळी जात नाही, म्हणून त्या दिवशीची दुसऱ्या दिवशी, दोन एकदम. डॉक्टरांनी उपवासाचं विचारलं नाही, म्हणून हिने सांगितलं नाही.

दुकानात सोमवारचं मंगळवारी भरून निघत असेल. रक्तात निघत नाही.

हा आजार तिला जन्मापासून नाही, नंतर लागला. तिचं शरीरच रक्त गोठेल असं काहीतरी तयार करतं. गोळी कमी पडली की गाठ होते, जास्त झाली की रक्त वाहतं. तुझ्या लेकाला, वीरेशला सांग, तपासणी न लागणारी नवी गोळी आपल्या कामाची नाही. तिच्या या आजाराच्या तिन्ही चाचण्या वाईट आहेत आणि अशा पेशंटला ती भरवशाची नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. तेव्हा हीच गोळी, रोज संध्याकाळी, सोमवारसुद्धा. तिचे उपवास आजपासून बंद. मी डॉक्टरांनाही कळवलं आहे.

लोभ आहे म्हणून रागावते. दोन्ही सहन कर.

तुझी,
शिवकन्या


लातूर, १५ जानेवारी

ती. आक्कांस नीलाचे शरणार्थी व नमस्कार. वि. वि.

तीळगूळ पाठवलाय. तो खाऊन मगच पुढचं वाचा.

ह्यांनी विचारलं, आक्कांनी काय लिहिलंय. म्हटलं, नेहमीचंच, कौतुक. वीरेशला मी काही दाखवलं नाही, तो उगीच घाबरतो.

आक्का, तुम्ही एम.एस्सी. झालात, मी दहावीपर्यंतच. पण पोरीचा पाय सुजून खांबासारखा झाला होता तेव्हा मी महादेवापुढे पदर पसरला, अन् सूज उतरली. तुम्ही म्हणाल गोळीनं उतरली. हाव, गोळीनंही उतरली असंल. पण नवस बोलताना मी दोघींची नावं घेतली. मधेच सोडला अन् तिला काही झालं, तर मी तिच्या आईला काय तोंड दाखवू? तुमचे डॉक्टर येतील का माझ्या बाजूनं बोलायला?

तुमचा मान म्हणून एक केलं. दोन गोळ्या एकदम घेणं बंद करायला लावलं, उपवासाच्या दिवशीची सोडूनच द्यायची. उपवासाचं मात्र बोलू नका.

राग घट्ट राहू द्या, माया पातळ करू नका.

तुमची,
नीला


लातूर, २४ जानेवारी

ती. आक्कांस नीलाचे शरणार्थी.

मंगळवारी सकाळी मंजुश्री उपवास सोडायला स्वयंपाकघरात आली अन् ओट्याला धरून उभी राहिली. दम लागला म्हणाली. मी म्हटलं पोटात काही नाही म्हणून असंल, गूळ खा. गूळ तोंडात घालवेना इतका दम. वीरेशनं उचलूनच गाडीत घातलं. फुप्फुसात गाठ निघाली.

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का. वीरेश ठाम नाही म्हणाला. त्याला ठाऊकच नव्हतं. मी बाहेर बाकावर जाऊन बसले, मग उठून परत आत गेले अन् सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नुसतं लिहून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. वीरेश अजून माझ्याशी बोलत नाही.

आता पोटात इंजेक्शन देऊन राहिले. गोळीचा आकडा जागेवर येईपर्यंत ते चालू राहणार. धोका टळलाय म्हणतात. शुद्धीवर नीट आल्यावर पोरीनं पहिलं काय विचारावं? सलाईननं निर्जळी मोडते का. मी म्हटलं, नर्सला विचार.

गोळीचं मला पटलं, आक्का. पण भीती गेली नाही, दुप्पट झाली. नवस सोडला तर देव, धरला तर हे. तुम्ही शहाण्या आहात, काहीतरी मार्ग सांगा. फक्त देव नाही असं सांगू नका, ते तुम्ही माझ्या लग्नातही सांगितलं होतं.

लेकीसारखी समजून सांभाळा.

नीला


नांदेड, २९ जानेवारी

चि. सौ. नीलास अनेक आशीर्वाद.

देव आहे की नाही हे तूर्त राहू दे. तू डॉक्टरांकडे परत आत गेलीस, ते फार चांगलं केलंस. वीरेशशी मी बोलले आहे. त्याला सांगितलं, राग घरी आल्यावर धर, दवाखान्यात जागा कमी असते.

आपल्या घरचे गुरू, जंगम संगमेश्वर अय्या, त्यांना फोन करून एकच विचारलं: आजारी माणसाचा नवस दुसऱ्याने चालवला तर चालतो का? ते म्हणाले, त्याच घरचं माणूस असेल तर चालतो. माझं लग्न झालेलं नाही, म्हणजे मी अजून त्याच घरची. आयुष्यात पहिल्यांदा याचा कुणाला उपयोग होतो आहे.

मंजुश्रीचे उपवास मी करीन. मला कसलीही गोळी नाही. तरी डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण नको म्हणाले नाहीत. मी श्रद्धेने करणार की हट्टाने, हे अय्यांनी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

रविवारी अहमदपूरच्या बसस्टँडवर ये, दोघींना मध्ये पडतं. अय्या तिथेच भेटतील. हे पत्र बरोबर आण. मंजुश्रीजवळ वीरेशला ठेव.

माया कमी होऊ देऊ नकोस, माझी तर होतच नाही.

तुझी,
शिवकन्या


(याच पत्राच्या पाठीवर)

अहमदपूर, रविवार, २ फेब्रुवारी २०२५

दिले: मंजुश्रीच्या वाट्याचे, येत्या श्रावणापर्यंतचे सगळे सोमवार, प्रदोष आणि शिवरात्री, निर्जळी. देणार नीला, घेणार शिवकन्या. साक्षीला संगमेश्वर अय्या, त्यांनी दोघींच्या कपाळी विभूती लावली.

दिली नाही: गोळी. ती मंजुश्रीकडेच, रोज संध्याकाळी, पाण्याबरोबर.

मिळाले. शिवकन्या.

माझे सोमवार मी कुणाला दिले नाहीत. आक्कांना सोबत होईल. नीला.